विमानात नवे यंत्र बसवावे किंवा कसे

आमच्या सोसायटीत स्कूटरवाले चार होते, मोटारवाला एक होता आणि विमानवाला एक होता. विमानवाला बसने जायचा. तोही बहुतेक उभ्याने, कारण रांगेत मागे कुणी बाई दिसली की हा गृहस्थ "या, या, पुढे या" म्हणून मागे सरकायचा, आणि वाशीच्या रांगेत बायका काय कमी होत्या?

हे केळशीकर. तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. उंच, काटकुळे, साठीचे, एकटे. लोकांनी गिरगावातल्या खोल्या सोडून खाडीपलीकडे ब्लॉक घेतले आणि उरलेल्या पैशांत फ्रीज आणला. केळशीकरांनी म्हणे फार पूर्वी, नोकरीत असतानाच, दोन मित्रांबरोबर एक जुनं लहान विमान घेऊन टाकलं होतं. तिघांत एक. जुहूच्या विमानतळावर उभं असायचं. बसायला चार जागा, पण चौथा माणूस बसला तर ते उडायचं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. तेही कौतुकाने, घरातल्या द्वाड पोराबद्दल सांगावं तसं.

मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद मी मागितलं नव्हतं. पहिल्या सभेला मी पेन घेऊन गेलो, ही माझी चूक. तेव्हापासून पाण्याची टाकी, गच्चीची गळती आणि जिन्यातले दिवे माझ्या राशीला लागले ते लागलेच.

केळशीकरांविषयी माझ्याकडे पहिली तक्रार आली ती गच्चीवरून. त्यांनी आपल्या जुन्या पायजम्याचा एक पाय कापून दोन्ही तोंडं मोकळी ठेवून तो काठीला बांधला होता. मी जाब विचारायला गेलो, तर म्हणाले, "लिमये, वारा कुठून येतो ते कळायला नको?" मी म्हटलं, "वाशीत वारा खाडीवरून येतो आणि डास गटारातून येतात, त्यासाठी पायजमा कशाला?" त्यावर त्यांनी मान डोलावली, अगदी बरोबर म्हणाले, आणि पायजमा तसाच ठेवला.

दुसरं म्हणजे घराबाहेर पडताना हा माणूस दारात उभा राहून मोठ्याने हजेरी घ्यायचा. "किल्ली?" "आहे." "गॅस?" "बंद." "चष्मा?" "डोळ्यावर." "पिशवी?" "हातात." दोन्ही आवाज स्वतःचेच. विमान सुरू करण्यापूर्वी असंच करतात म्हणे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं आणि उत्तर द्यायचं. बाजूच्या बिऱ्हाडातली लहान मुलं दाराआड उभी राहून ऐकायची आणि फिदीफिदी हसायची. एकदा "पिशवी?" झाल्यावर केळशीकर विसरले की आता उत्तरही आपणच द्यायचं आहे, आणि बराच वेळ तसेच दारात उभे राहिले.

तेव्हाची वाशी म्हणजे काय सांगू? रस्ते रुंद, माणसं तुरळक. आम्ही सगळे नवे. कुणी दादरचा, कुणी चिपळूणचा, कुणी जालन्याकडचा. शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचून कळायचं आणि पाटी नसली तर तेही नाही. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की मोकळ्या इमारतींची उघडी दारं धाडधाड आपटायची. गिरगावात माणसांचा वीट आला म्हणून आलेलो आम्ही, सहा महिन्यांत माणसासाठी आसुसलो होतो. कबूल मात्र कुणी करत नव्हतं.

तर एका वार्षिक सभेत टाकीचा विषय झाला, गळतीचा झाला, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी असतं ते आलं, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. या जागी कुणीतरी उठून 'जिन्यात केर टाकू नये' असं म्हणतं आणि सगळे घरी जातात. त्या दिवशी केळशीकर उठले. घसा साफ केला आणि म्हणाले, "माझ्या विमानात नवं यंत्र बसवावं की नाही, यावर सभासदांचं मत हवं आहे."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

प्रश्न असा होता. विमानात दिशा दाखवायला एक जुनं यंत्र होतं. त्यात एक काटा. जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनकडे तो वळतो, त्यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज घ्यायचा. पण या काट्याला एक खोड. आकाशात वीज चमकली की स्टेशन सोडून तो विजेकडे बघत बसतो. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज, नेमका त्या दिवशी दगा. आता त्याजागी नवा डबा मिळतो. जमिनीवरचं केंद्र चहूकडे जणू दोऱ्या सोडतं आणि आपण कुठल्या दोरीवर आहोत ते डबा सांगतो. वीज पडो नाहीतर ढग येवो, त्याला फरक पडत नाही. तपासणीवाल्याने शेरा मारला होता की जुनं यंत्र बदला, त्याशिवाय उडण्याचा दाखला मिळणार नाही. तेव्हा पुढच्या तपासणीआधी ठरवायला हवं होतं, नाहीतर विमान कायमचं जमिनीवर बसलं असतं.

"अहो, आम्हाला यातलं काय कळतं?" अध्यक्ष म्हणाले.

"जमिनीवर काय ते ठरवावं, वर गेल्यावर वाद नको," केळशीकर म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. "रविवारी दहाला माझ्याकडे या. पोहे करतो."

आणि लोक गेले की हो! टाकीच्या सभेला गणसंख्या होता होत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर चपलांचा ढीग. केळशीकरांनी पुठ्ठ्याची मोठी पाटी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. विमानात समोर जशी गोल घड्याळं असतात तशी सगळी त्यावर रंगवलेली. शेजारी एक फोटो. पंख्यासमोर उभे तरुण केळशीकर आणि बाजूला पदर घट्ट खोचलेल्या, वाऱ्याने केस उडालेल्या एक बाई. कुणीतरी विचारलं तेव्हा "ही आमची सुमती. गेली," एवढंच म्हणाले आणि पोहे वाढायला लागले.

गायकवाड पहिल्या मजल्यावरचे. दिघ्याकडच्या कारखान्यात पत्र्याच्या कामाचे फोरमन, मूळचे जालन्याचे. बोलणं थोडं, पण एकदा मत दिलं की दिलं. ते म्हणाले, "साहेब, डबा बसवा. मशीन थकत नाही, माणूस थकतो. मी रोज बघतो." त्याला दत्तू पाटलाचा विरोध. हा घणसोली गावचा, आमच्या पाण्याच्या पंपाचं बघायचा आणि सभेला हक्काने यायचा. तो म्हणायचा, "आमचा बापूस रातचे होरी घेऊन येवाचा खारीतशी. त्याला कं डबा होता? डोंगर बगाचा, देवलाचा दिवा बगाचा, न् घरा यायाचा. डोले हायेत ना?" गायकवाड विचारायचे, "आणि खाडीत धुकं असलं मग?" दत्तू म्हणायचा, "मंग घरा बसाचा!" आणि सगळे हसायचे. केळशीकर सर्वांत जास्त हसायचे. दोन्ही बाजू त्यांना पटायच्या. बारा वाजत आले की ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "लिमये, लिहा. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब."

आणि मी लिहायचो! सरकारी भाषेत, शाईने. 'विमानात नवे यंत्र बसवावे किंवा कसे, यावर साधकबाधक चर्चा झाली.' दोन वर्षांत त्या वहीची साठ पानं भरली. तपासणी मात्र दर वेळी पुढे जायची. कधी साहेब रजेवर, कधी पाऊस. विमान बघायला नेता का, असं विचारलं की विमान झाकून ठेवलेलं तरी असायचं नाहीतर तेल बदलायला काढलेलं. दर शनिवारी ते पिशवीत फडकं घालून निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. "चाललंय इंजिन. आवाज गोड आहे," असं जिन्यात सांगायचे.

मी रागीट माणूस आहे, हे आमच्या घरी कुणालाही विचारा. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिसऱ्या वर्षीच्या वार्षिक सभेला. टाकीला तडा गेलेला, निर्णय तातडीचा, आणि सभेला आले किती? पाच. बाकीच्यांना विचारलं तर म्हणे, "अहो लिमये, परवाच तर सभा झाली की केळशीकरांकडे!" मी घरी येऊन ताट सरकवलं. ही म्हणाली, "टाकीचा राग भाकरीवर कशाला?" मी म्हटलं, "त्या विमानाचा एकदाचा निकाल लावतो, मग जेवतो." जेवलो म्हणा. पण निकाल लावायचं पक्कं केलं.

पुढच्या रविवारी मी ठराव लिहूनच नेला. 'यंत्र बसवावे.' सूचक गायकवाड. अनुमोदक म्हणून मी खुद्द दत्तू पाटलाला पटवला होता. त्याला म्हटलं, "बसवून तर बघू दे, नाही आवडलं तर तुझे डोळे आहेतच." मी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर.

"विरोधात कुणीच नाही?" केळशीकरांनी विचारलं.

"कुणीच नाही. एकमताने मंजूर."

"एकमताने," ते म्हणाले. मग दत्तूकडे बघून परत म्हणाले, "पाटील, तुम्हीसुद्धा?" हातातला झारा तसाच राहिला होता. मला वाटलं, आनंद झालाय. मी आणखी जोर केला. डब्यासाठी विमानाच्या पाटीत भोक केवढं पाहिजे ते माप घ्यायला हवं, ते मी स्वतः घेतो म्हटलं. "छे छे, तुम्ही कशाला? मी शनिवारी जाणारच आहे," ते म्हणाले. पण मी त्यांना चांगला ओळखून होतो. यांच्यावर सोडलं तर माप यायला तीन वर्षं लागली असती. बुधवारी कचेरीतून अर्धी रजा काढली, फूटपट्टी खिशात घातली आणि कुणाला न सांगता जुहू गाठलं.

शेडमध्ये एक म्हातारे मेस्त्री खोक्यावर बसून विडी ओढत होते. मी केळशीकरांचं विमान विचारलं.

"केळशीकर साहेबांचं?" त्यांनी मला नीट न्याहाळलं. "ते कुठलं आता? चार वर्षं झाली. साहेबांना सांगून सांगून दमलो, डबा बसवून घ्या, दाखला संपतोय. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. बाकीच्या दोघांतले एक वारले, एक परदेशी गेले. दाखला संपला. उभ्या उभ्या टायर बसले, पंखांत चिमण्यांनी घरटी केली. मग साहेबांनीच सही दिली आणि सुटे भाग करून लोकांनी नेलं."

"पण ते दर शनिवारी येतात ना इथं?"

"छे हो. सही करून गेले ते परत फिरकले नाहीत. बरे आहेत ना?"

मी बरे आहेत म्हटलं आणि निघालो.

बसमध्ये माझा संताप संताप झाला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! दोन वर्षं डझनभर शहाणी माणसं, त्यात एक फोरमन आणि एक सेक्रेटरी, नसलेल्या विमानाला डबा बसवावा की नाही यावर तावातावाने भांडत होतो. साठ पानं मी माझ्या हाताने लिहिली होती. पूल ओलांडेपर्यंत मी रविवारचं भाषण पाठ केलं. 'सभासदहो, आपली घोर फसवणूक झाली आहे' इथपासून सुरुवात होती. घरी हिला सांगितलं. वाटलं होतं हसेल. ही म्हणाली, "अहो, एवढे कांदे चिरून, एवढे पोहे भिजवून कोण बसतं फसवायला?" आणि आत निघून गेली. त्याने माझा राग कमी झाला नाही, पण भाषणाची सुरुवात काही नीट आठवेना.

रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो, दहाला वीस मिनिटं असताना. दार उघडंच होतं. केळशीकर कप मांडत होते. एक एक कप घ्यायचे, पुसायचे, ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "हा गायकवाडांचा. हा पाटलांचा, साखर जास्त. हा लिमयांचा." मी आल्याचं त्यांना कळलं तेव्हा ते थांबले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना समजलं. मी काहीच बोललो नव्हतो. त्यांनी उरलेले कप तसेच पूर्ण मांडले आणि खुर्चीवर ताठ बसून राहिले.

मंडळी जमली. पोहे झाले. मग सगळ्यांसमोर केळशीकरांनीच विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"लिमये, जाऊन आलात ना? सांगा सभेला. काय असेल ते सांगा."

मी उठलो. खिशातली फूटपट्टी हाताला लागली. खरं सांगतो, तोवर मला फसवलं गेल्याचा राग होता. पण तो माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शिक्षा ऐकायला बसला होता. आजवर मी सभेत खोटं बोललो नव्हतो.

"माप घेतलं," मी म्हटलं. "जुळत नाही. डबा पाऊण इंच रुंद पडतो. डावीकडे जागाच नाही. उजवीकडे बसवायचा तर पत्रा कापावा लागेल. म्हणून मागचा ठराव मी सेक्रेटरी या नात्याने स्थगित करतो. पत्रा कापावा किंवा कसे, यावर मतं यावीत."

असा गलका उठला म्हणता! गायकवाड तर खुर्चीवरून उठलेच. पत्रा म्हणजे त्यांचा प्रांत. "कापायचा नाही साहेब, कडा मुडपून घ्यायची, मी सांगतो कशी!" दत्तू म्हणाला, "मी तं पैलेच सांगत व्हतो, डबा नको!" पाचव्या मिनिटाला पुठ्ठ्याच्या पाटीभोवती सगळे ओणवे झाले. केळशीकर मात्र बसूनच होते. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

बाराला सगळे पांगले. मी वही मिटत रेंगाळलो.

"खोटं बरं बोलता," केळशीकर म्हणाले.

"सेक्रेटरी आहे."

ते कप गोळा करायला लागले. "शनिवारी मी चेंबूरपर्यंत जातो. तिथे उतरून चहा घेतो आणि परतीच्या बसला बसतो. पुढे पाय उचलत नाही हो."

"मग डबा बसवून का नाही घेतलात वेळेवर? विमान तरी राहिलं असतं."

"उजवीकडे सुमती बसायची," ते म्हणाले. "मांडीवर नकाशा पसरून. रस्ता, रूळ, नद्या, देवळाचे कळस, सगळं तिला पाठ. 'ती बघा उल्हास नदी, आता डावीकडे घ्या.' मी डोळे मिटून वळलो असतो. काटा विजेकडे बघत बसला तरी आम्ही घरी येत होतो. तेव्हाच डबा घ्या म्हणत होते लोक. घेतला असता तर ती काय करणार होती? नुसती बसून? मग ती गेली. आता हरकत नव्हती. मेस्त्रीने पाटी उघडून ठेवली, म्हणाला, उजवीकडेच बसेल, हो म्हणा. आता तिच्या जागी डबा ठेवायला मी हो म्हणणार? नाही म्हणावं तर विमान जातंय. तसाच बसलो. आणि तेही गेलं."

खाली कुणीतरी पंप सुरू केला होता, त्याचा आवाज येत होता.

"तुम्हा लोकांना फसवायचं नव्हतं," ते म्हणाले. "तीस वर्षं कुणीतरी शेजारी बसून सांगत होतं, आता इकडे, आता तिकडे. या घरात मी दिवसचे दिवस हिंडतो, लिमये, कुणी काही सांगतच नाही. त्या सभेत तोंडून निघून गेलं. आणि एकदम दहा-बारा जण सांगायला लागले."

रागीट माणसाला अशा वेळी नीट काही बोलता येत नाही, तो हुकूम सोडतो. मी म्हटलं, "ते कप राहू द्या. चपला घाला."

"का?"

"हिने आज वालाचं बिरडं केलंय. जेवायला चला."

"अहो, पण तुमच्या घरी सांगितलं नाही, काही नाही..."

"चपला घाला म्हटलं ना!"

त्यांनी घातल्या. दार ओढून घेतलं आणि आम्ही दोन मजले उतरलो. आमचं दार त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पाण्याची तक्रार घेऊन ते दहा वेळा तरी आले असतील. तरी जिना संपल्यावर ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"डावीकडे," मी म्हटलं.

ते वळले.